रुळांवरचं गवत जाळून का जात नाही

रुळांमधलं गवत जाळायला वेगळी गाडी असायची हे सांगितलं की बऱ्याच लोकांना पटत नाही. आपल्याकडे गवत म्हटलं की विळा, खुरपं आणि नारिंगी जॅकेट घालून खडीत बसलेली माणसं एवढंच डोळ्यासमोर येतं. पण अमेरिकेत १९२० च्या दशकापासून पुढची दोन-तीन दशकं हा अगदी रीतसर उद्योग होता. मिनियापोलिसला वूलरी मशीन कंपनी म्हणून एक कंपनी होती, ती अशा गाड्या बनवायची आणि तिथल्या रेल्वे कंपन्या त्या विकत घ्यायच्या. त्यांच्या एका मॉडेलचं नाव होतं ऑक्टोपस. रुळांवरून स्वतःच्या इंजिनवर हळूहळू चालणारी गाडी, वर तेलाची टाकी, आणि खाली आणि दोन्ही बाजूंना पसरलेले बर्नर, म्हणजे रुळांच्या मधलं गवत तर जळायचंच पण बाहेरच्या बाजूची पट्टीसुद्धा एका फेरीत भाजून निघायची.

मला जुन्या रेल्वेच्या कामांबद्दल वाचायचा नाद आहे त्यात हे पहिल्यांदा सापडलं, आणि वाटलं की काय सोपं आहे, इकडे आपली माणसं दिवसच्या दिवस वाकून गवत उपटतात आणि तिकडे शंभर वर्षांपूर्वी आग ओकणारी गाडी पाठवून मोकळे व्हायचे. मग खोलात शिरलो तसं कळत गेलं की ते सोपं नव्हतंच. आणि माझे मामा मध्य रेल्वेत इगतपुरीच्या बाजूला गँगमध्ये, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत होते, मेट म्हणजे त्या टोळीचे प्रमुख म्हणून रिटायर झाले, त्यांच्याशी बोलल्यावर तर पूर्ण चित्रच पालटलं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी ती गाडी काम कशी करायची ते. तेल हवेच्या दाबाने फवारायचं आणि पेटवायचं, मोठ्या स्टोव्हचंच तत्त्व. गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकायची कारण जोरात गेली तर गवताला हवी तेवढी उष्णता मिळत नाही. ओलं हिरवं गवत एका फेरीत जळत नाही हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको, त्यात पाणीच जास्त. म्हणून पहिल्या फेरीत ते नुसतं होरपळून काढायचं, मग काही दिवस उन्हात वाळू द्यायचं, आणि दुसऱ्या फेरीत ते वाळलेलं जाळायचं. स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवे टाकलेले ओंडके, तेव्हा लाकडाचे, तेही लाकूड कुजू नये म्हणून क्रिओसोट तेल पाजलेले, म्हणजे पेटायला एकदम तयार. त्यामुळे गाडीच्या मागे पाणी घेऊन माणसं लागायची आणि कुठे धुमसतंय का बघत जायची. म्हणजे माणसं कमी लागतात म्हणून यंत्र आणायचं आणि यंत्राच्या मागे माणसं ठेवायची!

आता यातलं शास्त्र मला फार आवडलं ते सांगतो. झाड मारायला ते जाळून राख करायची गरजच नसते. पानातल्या पेशींमध्ये पाणी असतं, त्याला अचानक उष्णता लागली की ते फुगतं आणि पेशीचं आवरण फाटतं, आतली प्रथिनंही साकळतात, आणि हे सगळं व्हायला ज्योत पानावरून सेकंदाच्या अंशाइतका वेळ फिरली तरी चालते. पान लगेच काळं पडत नाही, हिरवंच दिसतं, पण काही तासांनी मान टाकतं. परदेशात सेंद्रिय शेती करणारे लोक आजही गॅसच्या ज्योतीने तण मारतात आणि त्यांची एक साधी परीक्षा आहे, ज्योत फिरवल्यावर पान अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबायचं, त्यावर बोटाचा गडद ठसा उमटून राहिला तर समजायचं की काम झालं, पेशी फुटल्यात. तेल वाचवायचं असेल तर हा एवढाच डोस पुरतो, धडधडा जाळणं म्हणजे इंधनाची उधळपट्टी.

पण हे झालं रुंद पानाच्या, कोवळ्या, नुकत्या उगवलेल्या रोपांचं. टाकळा, आघाडा, गाजर गवताची बारकी रोपं ही अशी ज्योतीने मरतील. गवतवर्गातल्या वनस्पतींचं मात्र वेगळं आहे. त्यांचा वाढीचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीच्या आत असतो आणि पानं वरून गेली तरी त्याला फरक पडत नाही, उलट चरलेल्या कुरणासारखं नवीन फुटतं. हराळी तर खडीच्या खालून आडवी पळत जाते. आणि लव्हाळा, ज्यांनी शेतात लव्हाळ्याशी झगडा केलाय त्यांना माहितीये, त्याच्या खाली गाठी असतात, एकमेकींना जमिनीतल्या दोऱ्यासारख्या खोडांनी जोडलेल्या, वरचं कितीही काढा खालच्या गाठीतून परत वर येतो. खडीचा थर मध्ये असल्यावर ज्योतीची उष्णता त्या गाठीपर्यंत पोचणार कशी? दगड वरून तापतो आणि खालची माती गारच राहते. म्हणून त्या अमेरिकन गाड्यांना एकाच लाइनवर एकाच मोसमात पुन्हा पुन्हा जावं लागायचं.

बरं रुळांत गवत आलं तर बिघडतं काय, हा प्रश्न मी मामांना विचारला होता, लहानपणी नाही, आता चांगला मोठा झाल्यावर. ते म्हणाले, "गवताचं काही नाही रे, गवत आलं म्हणजे खाली माती झाली, ती खरी भानगड."

हे वाक्य नीट समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. रुळांखालची खडी ही नुसती भर म्हणून टाकलेली नसते. भारतीय रेल्वेत मेन लाइनची खडी साधारण ६५ मिलिमीटर ते २० मिलिमीटर आकाराच्या टोकदार फोडलेल्या दगडांची असते, गोल गोटे चालत नाहीत कारण ते एकमेकांत अडकत नाहीत. या दगडांच्या मधे पोकळ जागा असते आणि सगळी गंमत त्या पोकळीत आहे. गाडीचं वजन स्लीपरवरून खडीत उतरतं, दगड एकमेकांना धरून ते पसरवतात, थोडं लवचिक राहतात, आणि पावसाचं पाणी त्या फटींतून एखाद्या चाळणीतून जावं तसं खाली जाऊन बाजूच्या गटारात निघून जातं. आता या फटी भरायला लागल्या की काय होतं बघा. गाड्यांच्या हादऱ्याने दगडांचे कोपरे झिजून भुकटी होते, मालगाडीतून कोळसा, खनिज, खत, सिमेंट असलं काहीबाही सांडतं, वाऱ्याने धूळ येते, खालची माती पाण्याबरोबर वर येते. ते सगळं फटींत बसतं. त्यात पाणी थांबतं. आणि जिथे माती आणि पाणी दोन्ही आहे तिथे बी पडायचा अवकाश.

गवत उगवलं की त्याची मुळं ती माती अजून घट्ट धरतात. पानं वाळून पडतात, कुजतात, त्यांची अजून माती होते. पाणी अजून थांबतं. मग स्लीपरखाली चिखल होतो आणि गाडी गेली की स्लीपर खालीवर होऊन तो चिखल पिचकारीसारखा बाहेर उडतो, पावसाळ्यात रुळांवर पांढरट राखाडी डाग पडलेले दिसतात ना, ते तेच. अशा ठिकाणी रूळ बसतो, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, आणि मग तिथे गाड्यांना स्पीडचं बंधन लावायला लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दिसणं. कीमन रोज आपल्या हद्दीतली लाइन चालत जातो आणि रूळ स्लीपरला धरून ठेवणारी एकेक क्लिप, एकेक जोड डोळ्याने बघत जातो, ढिली झालेली ठोकतो, नसेल तिथे बसवतो. गवत गुडघ्याएवढं झालं की त्याला क्लिप दिसतच नाही. पावसाळ्यात रात्री गस्त घालणाऱ्या माणसाचं तर अजूनच अवघड, हातात बत्ती, वर पाऊस, आणि पायाखाली गवतात काय आहे ते देव जाणे. सापांची भीती ही काही गप्पांतली नाही, खडी दिवसभर तापते आणि संध्याकाळी उबेला जनावर येऊन बसतं. तिसरी गोष्ट चढावाची. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट ३७ फुटाला १ फूट असा चढतो, तिथे गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात हे सगळ्यांना माहितीये. माथेरानची छोटी लाइन तर काही ठिकाणी २० ला १ आहे. कमी वाहतुकीच्या चढणीच्या लाइनवर वेली रुळावर आल्या आणि चाकाखाली चिरडल्या तर त्यांचा रस ग्रीससारखा पसरतो आणि चाक जागच्या जागी फिरायला लागतं.

आता गँगचं गवत काढणं. पावसाळा सरला की रेल्वेच्या कामाच्या कॅलेंडरमध्ये हे काम येतंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की बसून गवत उपटतायत, त्यात काय. मामांनी मला एकदा त्यांच्या क्वार्टरमागे पडलेल्या जुन्या खडीच्या ढिगावर प्रात्यक्षिक दाखवलं. आधी हाताने वरचे दगड बाजूला सारायचे, मग गवताचा बुंधा दिसतो. तो तसाच ओढला तर वरून तुटतो आणि मूळ आत राहतं, म्हणून खुरप्याचं टोक तिरकं आत घालून बुंध्याच्या खालून उचकायचं आणि दुसऱ्या हाताने एकाच वेळी ओढायचं, जोरात नाही, सावकाश, म्हणजे मुळाबरोबर मातीचा गोळा वर येतो. तो गोळा तिथेच झटकायचा नाही. "माती परत खडीत पडली तर दिवस फुकट गेला," असं ते म्हणाले आणि तो गोळा त्यांनी घमेल्यात टाकला. गँगमध्येही असंच, काढलेलं सगळं सेसच्या, म्हणजे खडीच्या कडेच्या मातीच्या पट्टीच्या पलीकडे नेऊन टाकायचं आणि मग सारलेले दगड परत जागेवर लावायचे. हे एक बूड झालं. अशी किलोमीटरभर लाइन.

मला इथे आगीचा खरा दोष कळला. जाळलं की वरचं दिसेनासं होतं पण राख खडीतच राहते, होरपळलेलं मूळ तिथेच कुजतं, म्हणजे ज्या मातीमुळे गवत आलं त्या मातीत आपण अजून भर घातली. पुढच्या पावसाला तीच जागा अजून सुपीक. बाहेरून लाइन स्वच्छ दिसते आणि आतून खराब होत जाते, याच्याइतकं फसवं काही नाही.

आणि आजच्या लाइनवर तर आगीचा विचारसुद्धा करता येत नाही. लाकडी स्लीपर जाऊन काँक्रीटचे आले, आता पेटायला लाकूड नाही असं वाटेल, पण काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ थेट बसत नाही. खाली रबराचं पॅड असतं, क्लिपखाली नायलॉनचे लायनर असतात, हे रुळाला गादी देतात आणि सिग्नलसाठी रूळ जमिनीपासून विजेच्या दृष्टीने वेगळा ठेवतात. त्यावरून ज्योत फिरवली तर गवताच्या आधी तेच मऊ होणार. शिवाय रुळाला जोडलेल्या वायरी, अ‍ॅक्सल काउंटरची, म्हणजे गाडीची चाकं मोजणाऱ्या यंत्राची खोकी, बाजूने जाणाऱ्या सिग्नलच्या आणि टेलिकॉमच्या केबल. ज्या काळात रुळाच्या आसपास लोखंड, दगड आणि लाकूड एवढंच होतं त्या काळातलं ते यंत्र होतं. आणि आपल्याकडे दिवाळीनंतर डोंगर उतारावरचं गवत इतकं खडखडीत वाळतं की एक ठिणगी पुरे. वाफेच्या इंजिनांच्या काळात तर इंजिनातून उडालेल्या निखाऱ्यांनी लाइनलगतचं गवत पेटायचं म्हणून कित्येक देशांत रेल्वेची माणसं आधीच गवत कापून पट्टा मोकळा ठेवायची.

अमेरिकेत या गाड्या मागे पडायचं एक मोठं कारण म्हणजे रसायनं. तशी रसायनं आधीपासून होती, सोडियम आर्सेनाइट म्हणजे सरळ सरळ आर्सेनिक फवारायचे, आणि त्याचा अंश तिथल्या जुन्या रेल्वे मार्गांच्या मातीत आजही सापडतो. सोडियम क्लोरेटही वापरायचे, ते पडलेलं गवत वाळलं की नुसत्या घर्षणानेही भडकू शकतं. मग दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी हे तणनाशक बाजारात आलं, स्वस्त, एका टाकीच्या गाडीतून फवारत जायचं, आणि मग तेल जाळत बसायची हौस कुणाला राहणार. पुढे ग्लायफोसेट आलं. ते पानातून मुळापर्यंत उतरतं, म्हणजे जिथे आग पोचत नव्हती तिथे हे पोचलं, म्हणून जगभरातल्या रेल्वे त्यावर अवलंबून राहिल्या. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला माणसात बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकलं. त्यावर वाद आहेत, दुसऱ्या काही सरकारी यंत्रणांनी वेगळं मत दिलंय, पण युरोपात लोकांचा दबाव वाढला आणि जर्मन रेल्वेने, जी त्या देशातली ग्लायफोसेटची सगळ्यात मोठी एकटी ग्राहक समजली जायची, त्याचा वापर बंद केला. आपल्याकडेही २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायचं असा आदेश काढला.

आणि मग गंमत बघा, फिरून फिरून गाडी परत उष्णतेवर आली. स्वित्झर्लंडच्या रेल्वेने उकळीच्या जवळ तापवलेलं पाणी फवारणारी गाडी करून बघितली, कॅमेरा झाड ओळखतो आणि फक्त तिथेच पाण्याची धार सुटते. तत्त्व तेच, पेशी फोडायची, फक्त ज्योतीच्या जागी गरम पाणी, म्हणजे आग लागायची भीती नाही आणि रबर-नायलॉनलाही धोका कमी. पण पाणी वाहून न्यायचं, ते तापवायचं, त्याला इंधन लागतं भरपूर, आणि मुळाचा प्रश्न तसाच राहतो, वर्षातून पुन्हा पुन्हा जायला लागतं. विजेचा झटका देऊन मुळापर्यंत मारायचेही प्रयोग चाललेत. मला हे प्रयोग मनापासून आवडतात, व्हायलाच पाहिजेत. जिथे खडी चांगली आहे आणि नुकती कोवळी रोपं डोकं काढतायत तिथे गरम पाणी उत्तम काम करेल असं मला वाटतं.

पण जिथे खडीच माती झालीये तिथे वरून काहीही करा. तिथे उपाय एकच, खडी बाहेर काढून चाळायची. आपल्याकडे त्याला डीप स्क्रीनिंग म्हणतात, साधारण दहा वर्षांनी एकदा करायचं असतं, आता ते बहुतेक बीसीएम म्हणजे खडी साफ करणाऱ्या मशीनने होतं. स्लीपरच्या खालून एक साखळी फिरते, खडी उपसून वर आणते, मशीनमध्ये मोठ्या जाळ्यांवर ती हलवून चाळली जाते, चांगले दगड परत लाइनवर पडतात आणि माती बाजूला लांब फेकली जाते. हे चालू असताना त्या लाइनवर गाडी चालवता येत नाही, ब्लॉक घ्यावा लागतो. रविवारच्या मेगाब्लॉकला आपण सगळे बोटं मोडतो, मीही मोडलीयेत, पण ब्लॉक मिळाला नाही तर असली कामं पुढे ढकलली जातात आणि त्याचा भार शेवटी खुरपं घेऊन बसलेल्या माणसावर येतो.

त्या माणसांबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली, डब्यांना बायो-टॉयलेट बसायच्या आधी सगळी घाण थेट रुळांवर पडायची, आणि ह्याच खडीत ही माणसं हात घालून गवत काढायची. स्टेशनजवळच्या लाइनमध्ये टोमॅटोची रोपं उगवलेली कित्येकांनी बघितली असतील, त्या बिया कुठून आल्या ते सांगायला नको. मामा संध्याकाळी घरी आले की आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावायचे, दोनदा, आणि तोवर कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. बायो-टॉयलेटमुळे प्रवाशांना काय फरक पडला माहीत नाही पण ट्रॅकवरच्या माणसाचं आयुष्य त्याने बदललं. त्यात गाजर गवताचा त्रास वेगळाच, १९५५ च्या सुमारास पुण्यात ह्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर गेलं, लाइनच्या कडेला तर हमखास. ते रोज हाताळून मामांच्या गँगमधल्या एकाच्या हातांना आणि मानेला असा चट्टा उठायचा की उन्हात उभं राहवत नव्हतं. चांगले हातमोजे वेळेवर मिळायचे का, तर नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. वाकून काम करणाऱ्या माणसाला मागून येणारी गाडी दिसत नाही, आणि घाटात वळणावर पाऊस आणि धुकं असलं की ऐकूही येत नाही. रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या अनिल काकोडकर समितीने २०१२ च्या अहवालात रुळांवर काम करताना मरणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांकडे स्पष्ट लक्ष वेधलं होतं. आता काही ठिकाणी रक्षक नावाचं उपकरण देतात, गाडी जवळ आली की ते वाजतं आणि थरथरतं. ते प्रत्येक गँगकडे, प्रत्येक गस्तीवाल्याकडे असलंच पाहिजे, यात दुसरं मत असू शकत नाही. मी मशीनच्या बाजूने बोलतो ते यासाठी, माणसाला रुळावर जितका कमी वेळ बसावं लागेल तितकं बरं.

आता तुमच्या-माझ्या हातातलं. लाइनला लागून ज्यांची शेतं, वस्त्या, सोसायट्या आहेत तिथे हिवाळा-उन्हाळ्यात कचरा आणि वाळलेलं गवत पेटवून द्यायची सवय आहे, बांध साफ करायला म्हणून. त्या पट्ट्यात जमिनीत फार खोल नाही अशा सिग्नलच्या केबल असतात, काही ठिकाणी तर पाइपातून वरूनच गेलेल्या असतात. केबल जळाली की सिग्नल लाल होतो, गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात आणि मग तीच गँग आणि सिग्नलवाले रात्री बॅटरी घेऊन जळका तुकडा शोधत फिरतात. रेल्वेच्या हद्दीच्या बाजूला पेटवू नका, कापून लांब नेऊन टाका किंवा खत करा. आणि लाइनजवळ आग दिसली तर १३९ ला फोन करून जवळचं स्टेशन आणि बाजूच्या खांबावरचा नंबर सांगा. तो नंबर किलोमीटरचा हिशोब धरून दिलेला असतो, त्यावरून रेल्वेला जागा लगेच सापडते.